सेबलचा ब्रश

कावेरीकाठच्या मेलकावेरीतले आमचे शेजारी तंजावर शैलीत देव रंगवतात. कातडी चप्पल ते घालत नाहीत, अंड्याचा केक उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत. देवाचे डोळे मात्र परदेशी ब्रशाने रंगवतात, त्याचं टोक ओठांत धरून बारीक करत.

एकदा मी खवचटपणे म्हणालो, "काका, हे सेबलचे केस. बर्फाळ रानातला, मुंगसासारखा प्राणी. मारूनच काढतात."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. कृष्णाचा एकच डोळा झाला होता.

"नाव काय म्हणालास?"

"सेबल."

अमावास्येला कावेरीवर त्यांचं तर्पण चाललं होतं. वडील, आजोबा, पणजोबा झाले. मग गोत्र ठाऊक नसलेल्याला देतात ते काश्यप गोत्र सांगून त्यांनी सेबलला तीळपाणी सोडलं.

घरी येऊन तोच ब्रश ओठांत धरला आणि कृष्णाचा दुसरा डोळा उघडला.