थांबवलेलं लग्न

शेजारच्या काकूंनी टीव्हीला रेकॉर्डिंगवाला डबा बसवला, तेव्हापासून मालिकेतली माणसं त्यांच्या धाकात आहेत. दुष्ट सासू दिसली की "इचं काय ऐकाचं!" म्हणत तिला पुढे पळवतात. दारात कुणी आलं की रिमोट रोखून सगळ्यांना जागच्या जागी उभं करतात आणि चहा टाकतात.

परवा मी वाशीमहून आसेगावला येत असताना त्यांचा फोन आला. आवाज अख्ख्या एसटीला ऐकू गेला.

"काहून उशीर करून राह्यली वं? नवरदेव हार घेऊन उभा हाये. तुह्यासाठी लगन थांबवलं मी!"

लग्न मालिकेतलं आहे, हे मी सांगेपर्यंत ड्रायव्हरनं गाडी दामटली होती. उतरताना एका आजीनं बाजाराच्या पिशवीतून ब्लाउजपीस काढून माझ्या हातात कोंबला. "नवरीले देजो."

काकूंनी तो टीव्हीपुढे ठेवला, मला अक्षता दिल्या आणि बटण दाबलं. लग्न लागलं. काकू रडल्या.

तेवढ्यात पलीकडच्या मावशी धापा टाकत आल्या. काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि नवरानवरीला पुन्हा मांडवात उभं केलं.