चालकाशी बोलू नये

घरात किस्से टिकत नाहीत. एखादी गंमत झाली की ती या खोलीतून त्या खोलीत जाते आणि संध्याकाळपर्यंत विरून जाते. गाडीत तसं होत नाही. जागाच एवढीशी! काल काय झालं ते सीटखाली पडलेलं असतं, परवाचं गादीखाली. झाडून काढावं म्हटलं तर दोन जास्तच सापडतात. आम्ही दोघं गाडीतच राहत, गाडीतच रांधत देशभरातली आमची माणसं भेटायला निघालो होतो, तेव्हा आमच्याकडे किती साचले असतील ते तुम्हीच बघा.

आम्ही म्हणजे मी, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेली नर्स, आणि आमचे हे, एस.टी.तून रिटायर झालेले ड्रायव्हर. गाव मालेगाव. वाशीम जिल्ह्यातलं, मालेगाव जहांगीर. हे दरवेळी सांगावं लागतं, नाहीतर लोक आम्हाला थेट नाशिककडे पाठवतात!

रिटायर झाल्यावर माणूस भजन करतो, शेती करतो, निदान शेजाऱ्याशी भांडतो. ह्यांनी एका शाळेची जुनी मिनीबस विकत घेतली. म्हणे, "जिंदगीभर लोकायले त्यायच्या लेकीबाईकडं पोचवलं. आता आपन जाऊ."

मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भडकाच उडाला. मुलगा प्रवीण पुण्यात कंपनीत आहे. त्याचं म्हणणं एकच: "या वयात हे बरोबर नाही." शेवटी तडजोड झाली. एक ट्रिप करायची, सगळ्यांना भेटायचं, शेवटी पुण्याला यायचं. तिथं गाडी विकायची, मालेगावचं घर भाड्यानं द्यायचं आणि दोघांनी त्याच्या अकराव्या मजल्यावर राहायचं.

ह्यांनी शब्द दिला. मला मालेगाव सोडायचं नव्हतं, ह्यांना स्टेअरिंग सोडायचं नव्हतं. पण हा माणूस एकदा शब्द दिला की मोडत नाही, हीच तर माझी खरी अडचण!

* * *

गाडीचं घर केलं ते आमच्या गावच्या रशीदभाईंनी. त्यांचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. सीटा काढून मागे पलंग, मध्ये गॅसचा ओटा, पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे. काम असं की पाहत राहावं. मी दोनदा चक्कर मारली आणि फडताळाची उंची कमी करून घेतली.

सगळं झाल्यावर ह्यांनी एक शेवटचं काम सांगितलं. ड्रायव्हरच्या सीटमागे लाल रंगात पाटी रंगवायची: 'चालकाशी बोलू नये'.

रशीदभाई ब्रश हातात घेऊन थांबले. "भाऊ, इसमें बैठेगा कौन? सिर्फ भाभी ना?"

"म्हनूनच तं!"

* * *

मोठ्या प्रवासाआधी ट्रायल म्हणून माझ्या माहेरी केनवडला जायचं ठरलं. तासाभराचा रस्ता. पण रस्त्यात कुणी हात दाखवला की ह्यांचा पाय आपोआप ब्रेकवर! मी काही बोलायच्या आत दार उघडून माणूस आत. बाजाराचा दिवस होता. बघता बघता माझ्या नव्या पलंगावर चार बाया, ओट्याला टेकून दोन म्हातारे आणि खाली एक कोंबड्यांची टोपली.

एक आजी कमरेचा बटवा सोडत मला म्हणाली, "बाई, टिकट दे. बायकायले अर्धं लागते, मले माहीत हाये."

मी म्हटलं, "आजी, तिकीट नाही. फुकट आहे."

"पुरं फुकट?"

"पुरं."

आजीनं बटवा पुन्हा खोचला, पडद्यांकडे पाहिलं, गादी दाबून पाहिली आणि शेजारणीला म्हणाली, "आता कोनतं इलेक्शन हाये वं?"

* * *

मग एका सकाळी निघालो. पहिला मुक्काम भिलाई, तिथं ह्यांची थोरली बहीण. गावाजवळून समृद्धी महामार्ग जातो, सरळ नागपूर. मी म्हटलं तिकडून घ्या. हे म्हणाले, "त्या रोडवर एक तरी स्टँड हाये काय?" आणि गाडी जुन्या रस्त्यानं कारंज्याकडे!

धनजला चहाला थांबलो. चहावाला जुना ओळखीचा. त्या हॉटेलात ड्रायव्हर-कंडक्टरला बाकडं वेगळं, चहा कडक आणि फुकट, हा जुना रिवाज. ह्यांना बघून तो धावतच आला. "या या, डायवरसाहेब! लय दिसान!" ह्यांच्यापुढे कप ठेवला आणि माझ्याकडे पाहून घुटमळला.

हे म्हणाले, "पाहतो काय? कंडक्टरलेही दे!"

इतकी वर्षं संसार केला, पण माझं प्रमोशन झालं ते धनजला.

* * *

या प्रमोशननं लवकरच माझा घात केला.

नागपूर सोडून रायपूरच्या रस्त्याला लागलो होतो. एका ढाब्यावर जेवलो. हे जाऊन आपल्या सीटवर बसले, मी मागच्या नळावर हात धूत होते. तेवढ्यात ढाब्याच्या आचाऱ्यानं झारा झटकायला कढईवर आपटला. टण टण!

एस.टी.त एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. दोन घंट्या ऐकल्यावर ह्यांनी आयुष्यात कधी मागे वळून पाहिलेलं नाही. गिअर टाकला आणि गेले!

मी ओल्या हातानं रस्त्यावर. फोन लावावा तर गाडी चालवताना हे फोन उचलत नाहीत. मागे शांतता आहे याचं तर ह्यांना काहीच वाटलं नसणार. पाटीच तशी लिहिलेली!

टमाट्यांचा एक टेम्पो चालला होता, त्याला हात केला. पोरगेला ड्रायव्हर, त्याला सगळं सांगितलं तर हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण पठ्ठ्यानं टेम्पो असा पळवला की काही मैलांतच आमची पिवळी गाडी दिसली. पुढे काढून त्यानं टेम्पो आडवा लावला. मी उतरले आणि रस्त्याच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

ह्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. आधी माझ्याकडे, मग मागे पलंगाकडे पाहिलं. म्हणाले, "अवं, तू समोर कशी गेली?"

"मी समोर गेली? तुमी मले ढाब्यावर टाकून आले!"

"दोन घंट्या वाजल्या ना पन!"

"अन् मागं पाहाचं नाही?"

"मागं पाहाचं काम कंडक्टरचं असते."

यावर मी भिलाईपर्यंत पाटीचं काटेकोर पालन केलं.

* * *

भिलाईला विमलताईंच्या दारात गाडी लावली. "जय भीम" झालं, पाया पडणं झालं. ताईंनी आमच्यासाठी खोली लावून ठेवली होती, नवीन चादर, नवीन उशा. हे म्हणाले, आमी गाडीतच झोपतो. ताईंना राग आला. "भाऊ माह्या दारात येऊन रस्त्यावर झोपते! कालनीतले लोक काय म्हनतीन?"

कॉलनीतले लोक दुसऱ्या दिवशी सकाळीच आले, पण म्हणायला नाही. गाडी बघायला. आणि मी नर्स आहे हे कुणाच्या तरी कानावर गेलं. मग काय, माझं बीपीचं मशीन ओट्यावर आणि बायांची रांग फाटकापर्यंत! एकीला मीठ कमी करा सांगितलं, दुसरीला गोळी वेळेवर घ्या सांगितलं. दवाखान्यातसुद्धा माझं इतकं कुणी मुकाट्यानं ऐकलं नव्हतं.

विमलताई शेवटी आल्या. त्यांचं बीपी घेतलं. चांगलंच वाढलेलं. काळजीनं मी विचारलं, "ताई, कालची गोळी घेतली नाही का?"

"गोळी घेतली. पन भाऊ अजून घरात झोपला नाही."

त्या दिवशी आम्ही मुकाट्यानं नवीन चादरीवर झोपलो. सकाळी बीपी उतरलं.

* * *

भोपाळला आमची मुलगी सोनाली असते, बँकेत. तिच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमननं गाडी अडवली. पिवळी गाडी, अजून शाळेचाच रंग. तो म्हणाला, "स्कूल बस अभी नहीं, सुबह आती है."

ह्यांचं हिंदी म्हणजे वऱ्हाडीलाच केलेली इस्त्री. "स्कूल का नहीं है ये. हमारा घर है. लडकी के यहां आया हूं."

"घर किधर है?"

"यही घर है बाप्पा! साथ में लेके फिर राह्यले हम!"

वॉचमननं एकदा ह्यांच्याकडे, एकदा पडद्यांकडे पाहिलं. मग केबिनमध्ये जाऊन इंटरकॉम उचलला. माझ्या मुलीला त्यानं काय सांगितलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं: "मैडम, आपके मम्मी-पापा घर लेके आए हैं. अंदर लेना है क्या?"

सोनालीनं घेतलं! आठ दिवस राहिलो. निघताना मात्र तीही म्हणाली, "आई, दादा बरोबर म्हणतो. आता बस करा." तिचे डोळे भरून आले होते म्हणून मी उलट बोलले नाही. पण पुण्याच्या दिशेनं गाडी वळली आणि माझं मन खट्टू झालं. आतापर्यंत आम्ही जात होतो. आता आम्ही गाडी देऊन टाकायला निघालो होतो.

* * *

मुलांनी माझ्या फोनमध्ये असं काहीतरी करून दिलं होतं की आम्ही कुठे आहोत ते त्यांना तिकडे नकाशावर दिसायचं. एक निळा ठिपका. आम्ही गेलो की ठिपका जायचा.

इंदूरच्या पुढे एका घाटात इंजिनाचा पट्टा तुटला. गाडी बाजूला. पुढचं गॅरेज उतारावरच्या गावात. हे बॉनेट उघडून आत वाकले, मग माझ्याकडे हात पसरून म्हणाले, "तुह्या पेटीतली ती ताणाची पट्टी दे." पाय मुरगळल्यावर बांधतो ती. माझ्या पट्टीला पीळ देऊन ह्यांनी इंजिनाला बांधली, आणि गाठ मी मारली. गाठी मारण्यात कुणी माझा हात धरू शकत नाही!

एवढ्यात प्रवीणचा फोन. "आई, ठिपका हलत का नाहीये? गाडी बंद पडली ना? मी म्हटलंच होतं! मी आत्ता टो करायला कुणाला तरी पाठवतो."

ह्यांनी काळ्या हातानं फोन घेतला. "काय पाठवतं? आमी चाललोच आता. तू जेवला काय?"

पलीकडून बारीक आवाज, "नाही अजून. मीटिंग होती."

"चार वाजले बाप्पा! अन् काल?"

"काल पण... उशीरच झाला."

"गाडीले काही झालं नाही," हे म्हणाले. "बिघडला तू हायेस."

फोन माझ्याकडे दिला आणि स्टार्टर मारला. पट्टीनं गॅरेज गाठून दिलं.

* * *

पुण्याला पोचलो. अकरावा मजला छान आहे, वारा येतो, खाली माणसं दिसतात पण ओळखू येत नाहीत. सून अश्विनी मनानं चांगली, तिनं आमची खोलीही सजवली होती. प्रवीण मात्र दिवसभर कानाला ते यंत्र लावून इंग्रजीत बोलायचा. आमच्याशी बोलायचा तेही पुण्याचं मराठी. इंजिनिअरिंगला गेला तेव्हापासून त्याच्या तोंडून गावची भाषा मी ऐकली नव्हती.

गाडीसाठी गिऱ्हाईक त्यानंच शोधलं होतं. फोटो काढून मेसेजही त्यानंच पाठवले होते. माणूस रविवारी चारला येणार होता. हे रविवारी सकाळपासून खाली पार्किंगमध्ये गाडीची काच पुसत होते. पुसलेलीच काच पुन्हा पुसत होते. मला ते बघवेना म्हणून मी गाडीतल्या ओट्यावर वांगी भाजायला घेतली. शेवटचं भरीत म्हणा.

दुपारी प्रवीण खाली आला. "आई, जरा आवरून ठेवू या, दाखवण्यासारखी." वास आला तसा थबकला. पलंगावर बसला. मी ताटलीत भरीत-भाकर दिली, वरून कच्चा कांदा. सगळं खाल्लं, पुन्हा मागून घेतलं. फोन उशाखाली सारला आणि म्हणाला, "पाचच मिनिटं पडतो."

मी पडदा ओढला आणि बाहेर येऊन ह्यांच्याशेजारी कट्ट्यावर बसले.

चारला गिऱ्हाईक आलं. भला माणूस होता, केटरिंगवाला. गाडीभोवती फिरला, टायर दाबून पाहिले. "काका, फार जिवापाड ठेवली हो!" हे नुसतं "हो" म्हणाले. तो म्हणाला, "आतून बघू का?" ह्यांनी मान हलवली. शब्द म्हणजे शब्द.

त्यानं दारावर टकटक केलं. काही नाही. पुन्हा जोरात टकटक केलं.

आतून आवाज आला, "कायले ठोकून राह्यला बे? अंदर मानूस झोपला हाये ना!"

ह्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं. केटरिंगवाला दचकून मागे सरला, पण धीर करून खिडकीच्या पडद्याजवळ तोंड नेऊन म्हणाला, "साहेब, गाडी विकायची आहे ना? मला मेसेज आला होता."

पडदा जरासुद्धा हलला नाही.

"ज्यानं मेसेज केला, त्याले जाऊन इचार!"