शेळी अडली अन् ग्रुपवर आमेन

सकाळी आपल्या चर्चच्या याच ग्रुपवर म्या लिवलं, "शेळी अडलीया, करडू काढता येत असंल तर कुणीतरी या." तर सगळ्यांनी आमेन लिवलं. आमेननं करडू बाहेर येतंय व्हय?

जय ख्रिस्त, मंडळी.

जनावरांचा डॉक्टर परंड्याला गेलेला, त्याचा फोन लागंना. माझी सून रूथ म्हणली, "आत्या, तुमी डोकं धरा, म्या बघते." पण करडू आडवं. तिच्या हाताला पाय गावंना.

म्या आमच्या चांदी शेळीचं डोकं मांडीवर घेऊन बसले. एरवी मला शिंगं मारणारी शेळी, आज गप माझ्याकडं बघायली. तू हायस ना इथं, मग काय तरी कर की, अशी. म्या काय करणार? तिचे कान चोळत बसले. दुपारी चांदी गेली. करडूबी आतच गेलं.

रूथ रडत म्हणली, "आत्या, प्रभू आपल्याजवळच होता."

"व्हय, माझ्यावाणीच डोकं धरून बसला असंल," म्या फटकन बोलले, अन् मलाच कसंतरी झालं. आमचं मालक गेलं तवा म्याबी वर चांदीवाणीच बघितलं होतं.

मला काय येत न्हवतं म्हणून म्या नुसती बसले. प्रभूला तर सगळं येतंय. मग त्यो का नुसता बसला?

पाळकसाहेब, उत्तर तुमीच द्यायचं, तेबी हितं येऊन. येताना कुदळ आणा, खड्डा अजून खांदायचाय. बाकीच्यांनी आमेन लिवायचं न्हाय.