दादू मयेकरचं मत

दादू मयेकर लाइनीबाहेर येऊन उभा राहिला की आत खेळणाऱ्या अकरा जणांची तोंडं कडू व्हायची. बावीस वर्षं त्यानं बोटीवर ऑइलमन म्हणून काढली होती. इंजिनाच्या घरघरीवर आवाज चढवायची सवय, त्यामुळे त्याची शिवी मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाला जशीच्या तशी पोचायची. बोट सोडल्यावर तो रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ एका बर्फाच्या कारखान्यात कंप्रेसर सांभाळायला लागला. पण जीव सगळा किनारा फुटबॉल क्लबात. हा क्लब कुणा एकाचा नव्हता. एकेचाळीस सभासद, त्यांनी निवडलेली कमिटी, आणि सड्यावरचं, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळावरचं, एक मैदान. तिथं गवत म्हणून नाही, सगळा जांभा. पडलं की गुडघ्याची साल निघालीच.

सगळ्यात जास्त शिव्या खायचा समर्थ. संघाचा कॅप्टन, मधला बचावपटू, आणि दादूचा जावई. पंधरा वर्षांपूर्वी मालगुंडच्या एका स्पर्धेत हा पोरगा दादूनंच हेरला होता. हात धुऊन मागे लागून त्याला क्लबात आणला. पुढे त्याला वायरमनची नोकरी लागली तेव्हा आपली राजश्री त्याला दिली, आणि लग्नाच्या मांडवात सांगत फिरला, "जावई नाय, घरात भिंत आणलीय."

आता ती भिंत चौतिशीची झाली होती. गेल्या मोसमात चिपळूणच्या संघानं सात गोल चढवले. त्यातले चार समर्थच्या पाठीमागून गेले, आणि किनारा वरच्या गटातून खालच्या गटात आला.

त्यानंतर कारखान्याच्या फाटकासमोरच्या टपरीवर रोज सकाळी एकच विषय. दादूच्या समोर बसायचा बाबल्या. शाळेपासूनचा दोस्त, जेटीवर माशांचा लिलाव पुकारणारा. क्लब काढला त्या सात जणांतला एक.

"पाच जण काढले पायजेत," दादू म्हणायचा. "गोलकीपर, दोन्ही बाजूचे बॅक, मधला तो खांब आणि आमचा जावई. झिजलेली बेअरिंग ठेवून इंजिन चालत नाय."

"काढशील. त्यांच्या जागी आणणार कोण?"

"बाहेरचे."

"बाहेरचा काय तुझं तोंड बघून खेळायला येईल? त्याला पोसायला शेट लागतो. शेट आला की क्लब शेटचा. मग तू कोण नि मी कोण?"

"पडलेल्या क्लबाचा मालक म्हणून मिरवण्यापेक्षा चढत्या क्लबाचा नोकर बरा."

बाबल्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "जन्म बोटीवर काढलास ना, म्हणून तुला डोक्यावर कोणीतरी मालक लागतो."

दादू उठला. दोन दिवस टपरीवर फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी गेला, पण बाबल्याला पाठ करून बसला.

शेट मात्र खरोखरच चालत आला. सुजय नाव. गणपतीपुळ्याच्या वाटेवर त्याचा मोठा रिसॉर्ट होता. क्लब आपण घेतो म्हणाला. गवताचं मैदान करू, गोव्याचा कोच आणू, गोव्याचे नि कोल्हापूरचे खेळाडू आणू. अटी तीनच: क्लबाची नोंदणी त्याच्या कंपनीकडे, कमिटी बरखास्त, आणि कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं हे तो ठरवणार.

रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात सभा भरली. सुजय गोड बोलला, हात जोडून बसला. बाबल्यानं उठून त्याला तोंडावर सांगितलं की रिसॉर्टात मोर पाळतात तसा तुला क्लब पाळायचाय. त्यावर मागून कोणी ओरडलं, कोणी कॉलर धरली, दोघांना बाजूला नेऊन बसवावं लागलं. मग समर्थ उभा राहिला. तो सभेत कधी बोलत नसे.

"मी आजपासून खेळायचा थांबलो," तो म्हणाला. "माझ्याबरोबर गोलकीपर, दोन्ही बॅक आणि मधला, असे आणखी चौघं थांबतायत, त्यांच्याशी बोलून आलोय. आपल्या पोरांना खेळवू या. दोन वर्षं हरू, तिसऱ्या वर्षी उभं राहू. पण क्लब देऊ नका."

लोकांच्या माना हलायला लागल्या. दादू जे वर्षभर मागत होता तेच समर्थनं आपणहून देऊ केलं होतं, पाचच्या पाच नावांसकट. दादूला बरं वाटायला हवं होतं. त्याच्या उलट, कोणीतरी आपल्या हातचा घास काढून घेतल्यासारखं त्याला झालं. आपण ओरडून ओरडून घसा बसवला, आणि मोठेपण हा घेऊन जाणार. तो उठला.

"तू कसली जागा सोडतोस? तुझी जागा तुला सोडून कधीच गेली. सात गोल खाल्लेल्या माणसानं आम्हाला क्लबाचं भलं शिकवू नये." मग तो लोकांकडे वळला. "भावना बाजूला ठेवा. वर जायचं असेल तर हात वर करा."

आणि पहिला हात त्यानं स्वतःचा वर केला.

क्लब द्यायच्या बाजूनं चोवीस, पंधरा विरुद्ध. दोघे तटस्थ राहिले. पायऱ्यांवर समर्थ चपला घालत होता. दादू जवळून जायला लागला तसा तो वर न बघता म्हणाला, "मामा, मैदानावर बोललात ते मी मैदानावर सोडून आलो. पंधरा वर्षं सोडून आलो. हे देवळात बोललात."

दादू घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. मालननं, त्याच्या बायकोनं, ताट वाढलं आणि समोर न बसता आत गेली. आतूनच म्हणाली, "राजश्रीचा फोन आला होता. गणपतीला येणार नाय."

"तिला समजावायचंस."

"काय समजावू? तिच्या नवऱ्याचं चारचौघांत सालपट काढलंस ते?"

गणपती आले नि गेले. राजश्री आली नाही. दोन आळ्या सोडून घर, पण वाटेत बाप दिसला की ती मुलीचा हात धरून दुसऱ्या बाजूला व्हायची. बाबल्यानं चहाची टपरी बदलली.

मोसम सुरू झाला तेव्हा क्लबाचं नाव बदललं होतं. जर्सीवर आता रिसॉर्टचं नाव. संघात गावातले दोनच, तेही राखीव. पण संघ जिंकायला लागला. सहापैकी पाच सामने. गोव्याचा तो मधला खेळाडू पायाला डिंक लावल्यासारखा चेंडू ठेवायचा. दादू टपरीवर बसून ते सांगायचा, आणि ऐकणारे पेपर वाचत राहायचे. आपलं खरं झालं हे ज्यांना सुनावायचं ते समोरच नव्हते.

सातव्या सामन्याला त्यानं सवयीनं लाइनीजवळ जाऊन आवाज टाकला. डाव्या बॅकला शिवी घातली, कारण त्या बॅकचा खेळच तसा चालला होता. रिसॉर्टचा निळा शर्ट घातलेला एक तरुण आला.

"काका, दोरीच्या मागे व्हा. खेळाडूंना त्रास होतो."

"मी सभासद हाय इथला. तुझ्या जन्माच्या आधीपासून."

"सभासद आता कोणी नाहीत, काका. तिकीट दाखवा."

तिकीट त्याच्या खिशात होतं. त्यानं ते दाखवलं आणि दोरीच्या मागे जाऊन खुर्चीवर बसला. त्या दिवशीही संघ जिंकला.

मोसम संपला, संघ वरच्या गटात गेला, आणि पंधरा दिवसांत कळलं की पुढच्या वर्षीपासून तो पुण्यात खेळणार. तिथं प्रेक्षक जास्त. सड्यावरच्या जागेत रिसॉर्टची वाहनं लागणार. दादू एसटीनं गणपतीपुळ्याच्या वाटेवर उतरला आणि सुजयच्या ऑफिसात घुसला.

"क्लब रत्नागिरीचा हाय. तो उचलून न्यायचं कोणी ठरवलं?"

"मी. तसा ठरावच आहे," सुजय म्हणाला. आवाज चढवला नाही. "आणि काका, भावना बाजूला ठेवा हे तुम्हीच म्हणालात. माझ्या बोलण्यापेक्षा जास्त मतं तुमच्या भाषणानं मिळाली मला."

"मी मैदानापुरतं बोललो होतो."

"कागदावर मैदानापुरतं काही नव्हतं. वाचायला हवं होतं." त्यानं बेल दाबली. दादूला बाहेर काढायला कोणी आलं नाही, चहा आला. तो न घेताच दादू बाहेर पडला आणि परतीची एसटी येईपर्यंत उन्हात उभा राहिला.

दरम्यान मांडवीच्या किनाऱ्यावर समर्थ, बाबल्या आणि गावातली पोरं ओहोटीला खेळायला लागली होती. वाळूत बांबूचे गोल. त्यांनी नवीन क्लब नोंदवायला घातला होता. पहिलाच नियम असा की तो कधी कुणाला देता येणार नाही. दादू एका रविवारी तिथं गेला. कोणी बस म्हणालं नाही. तो बाबल्यापाशी जाऊन म्हणाला, "मला सभासद व्हायचंय."

"अर्ज दे. सभेत मांडतो."

पुढच्या रविवारी वाळूतच सभा झाली. बाबल्यानं अर्ज वाचला आणि कागद समर्थकडे दिला. समर्थनं तो घडी घालून परत केला.

"सामने बघायला या, मामा. किनारा कुणाच्या बापाचा नाय. पण मत देणारा माणूस म्हणून तुम्ही मला नको."

बाकी कोणी दादूच्या विरुद्ध बोललं नाही, आणि बाजूनंही नाही. दादूनं समर्थकडे बघितलं. चांगली दणदणीत शिवी तोंडात आली होती. ती देऊन काही मिळणार नव्हतं. तो ओल्या वाळूतून चालत रस्त्याला लागला.

तरी दर रविवारी तो जातो. राजश्री मुलीला घेऊन एका टोकाला उभी असते, हा दुसऱ्या टोकाला. परवा सावर्ड्याच्या संघानं या पोरांना चार गोल मारले. दादू सगळा वेळ तोंड मिटून उभा होता. घरी येऊन जेवायला बसल्यावर मात्र सुरू झाला, "गोलकीपर बदलायला हवा. आणि उजवीकडचा तो पोरगा, त्याला पुढे..."

"मला कशाला सांगतोस?" मालन म्हणाली. "जा, त्यांना सांग."

"ते ऐकणार नायत."

"मग गप जेव." तिनं त्याच्या भातावर आमटी वाढली आणि पुन्हा आत गेली.