गढूळ प्रोसेको

डब्लिनहून कॉर्कला जाताना समोर बसलेल्या त्या म्हाताऱ्या इटालियन माणसाचं नाव मी विचारलंच नाही. त्याने मांडीवर एक बाटली उभी धरली होती. गाडीला गचका बसला की तो तिच्या बुडाशी हात लावायचा.

"प्रोसेको. आमच्याकडची फेसाळ वाइन, घरी जुन्या पद्धतीने केलेली," तो म्हणाला. "आज मुलीचा साखरपुडा आहे. गाळ हलला की ही गढूळ होते. सासरच्या आयरिश माणसांना वाटायचं, बाप नासकी वाइन घेऊन आला."

पूर्वी त्याच्या गावात वाइन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबायची, तिथेच फेस धरायची आणि गाळ तळाशी राहायचा. मग पोलादी टाक्या आल्या आणि नितळ, एकसारखी प्रोसेको जगभर जाऊ लागली.

"म्हणजे भांडवलदारांनी तुमची चव लुटली!" मी तावातावाने म्हणालो.

तो हसला. "अरे कॉम्रेड, टाकी माझ्या बापानेच आणली. तळघरात बाटल्या फुटायच्या, काचांनी आईचे हात कापले जायचे. पण ती चव... ती आठवते, हे खरं."

कॉर्कच्या फलाटावर मुलगी उभी होती.

"हलवू नकोस हं," बाटली देत तो म्हणाला. "वरची नितळ तेवढीच ओत."

"काहीतरीच काय, पप्पा! टाकी आणली तरी आजोबा स्वतः कुठे नितळ प्यायचे?" तिने बाटली हळूच उलटी करून सरळ केली. आत ढग उठले. "सगळ्यांना अशीच देणार. ग्रँड लागेल, इथे म्हणतात तसं."

म्हाताऱ्याने मोकळे झालेले हात कोटाच्या खिशात घातले आणि तो तिच्यामागून चालू लागला.