निपाणी ते मच्छे: सगळ्यात शेवटी पोचायची शर्यत

अण्णाला घराबाहेर काढायचं, हे मी आणि आईनं मेथी निवडता निवडता ठरवलं. अण्णाला अर्थातच सांगितलं नाही. त्याला सांगितलं ते एवढंच, की बेळगावात कॅम्पातल्या थिएटरला नवा सिनेमा लागलाय, निपाणीत यायला त्याला दिवाळी उजाडेल, आणि मला एकटीला जायचा कंटाळा आलाय.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी नुकतीच निपाणीत प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते, मे महिन्याची सुट्टी चालू होती. अण्णा माझा थोरला भाऊ. सायकलच्या शर्यतींत आमच्या भागात त्याचं नाव होतं. कागलच्या बाजूला एका शर्यतीत तो पडला आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, डॉक्टरांनी सायकल चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं, पण सायकल परसात पोत्याखाली गेली ती गेलीच. त्यातच त्याला टपाल वाटायच्या नोकरीचं बोलावणं आलं. सरकारी नोकरी, तंबाखूच्या वखारीत आयुष्य काढलेल्या आमच्या आप्पांच्या दृष्टीनं तर स्वर्गच. फक्त टपाल आसपासच्या खेड्यांत सायकलवरून वाटायचं होतं. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर नोकरी दुसऱ्याला. अण्णा हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. घरात त्या नोकरीचं नाव कुणी काढत नव्हतं आणि सगळे तिचाच विचार करत होते.

तर शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. अण्णाची तयारी बघण्यासारखी होती. त्या वेळच्या हिरोसारखे कानांवर आलेले केस, आणि बेलबॉटम. बेलबॉटमची फॅशन जाऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती, पण ती बातमी आमच्या गल्लीपर्यंत पोचायची होती.

आता या रस्त्यानं जाल तर मोठा हायवे आहे, गप्पा रंगायच्या आत बेळगाव येतं. तेव्हा एकेरी रस्ता होता आणि लाल बस प्रत्येक झाडाला विचारपूस करत जायची. तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी, काकती. उभ्या माणसांनी बस गच्च भरली होती आणि कंडक्टर "मुंद होग्री, मुंद!" करत सगळ्यांना पुढं रेटत होता. पुढं जागा असती तर आम्ही तिथंच नसतो का गेलो? संकेश्वरला बस जरा जास्त थांबते. तिथं उतरून मिरची भजी खावीत. मिरची संकेश्वरी असते, त्यामुळे सोबत पाणी ठेवावं, हा सल्ला फुकट.

मी त्या दिवसांत विहारात आनापान शिकत होते. डोळे मिटायचे, नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडं बघायचं, बाकी काही करायचं नाही. नवीन शिकलेलं माणूस गप्प कसं बसेल? त्या गर्दीत दांडीला धरून उभ्या उभ्याच मी अण्णालाही ते शिकवायला घेतलं.

"नुसता श्वास बघ अण्णा. मन शांत हुतं."

अण्णानं शहाण्यासारखे डोळे मिटले. जरा वेळानं मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाला, "बघालोय. पर त्याला डिझेलचा वास यायलाय गं."

बेळगावच्या स्टँडवरून कॅम्प चालत जाण्यासारखा आहे, आणि चालतच जावा. गजबज मागं पडते आणि एकदम मोठमोठ्या झाडांची सावली सुरू होते. लांबरुंद आवारातले बंगले, चर्च, जुन्या शाळांच्या दगडी भिंती. एका मैदानावर सैनिकांची पोरं हॉकी खेळत होती, तीन-चार भाषांत एकमेकांना शिव्या देत. आम्ही कुंपणाशी उभं राहून बघितलं. अण्णा चांगला चालत होता. पाय किंचित ओढायचा, पण ते माहीत असणाऱ्यालाच दिसायचं. मला बरं वाटलं. सावकाश चालावं, झाडं बघावीत, माणूस आपोआप दुरुस्त होतं, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

बाल्कनी महाग, म्हणून आम्ही खाली बसलो. सिनेमात हिरो मोटरसायकलवरून खलनायकाच्या जीपमागं लागतो असा मोठा प्रसंग होता. लोक शिट्ट्या मारत होते, चिल्लर फेकत होते. मी अण्णाकडं बघितलं. त्यानं खुर्चीचे दोन्ही हात आवळून धरले होते आणि त्याचा उजवा पाय जमिनीवर एकसारखा खालीवर होत होता. मध्यंतरात मी नुसते शेंगदाणे घेतले. बाहेर पडल्यावर एक दूधवाला सायकलवरून गेला तेव्हा मात्र अण्णा आपणहून म्हणाला, "चेन ढिली हाय त्येची." सायकल हा विषय त्याच्या तोंडून कित्येक महिन्यांनी निघाला होता.

मग आक्कासाठी कुंदा घेतला आणि पिरनवाडीवरून जाणारी गाडी धरून मच्छेला गेलो. आक्का आमची सगळ्यांत थोरली बहीण, बेळगावजवळच्या या मच्छे गावात दिलेली. तिचे यजमान, आमचे दाजी, तिथल्याच एका कारखान्यात कामाला. रात्रीच्या जेवणाला अख्खा मसूर, भाकरी आणि त्यांच्याकडचा तो वासाचा भात. बेळगावकडं जाणाऱ्यानं कुंदा खावाच, पण खरं बेळगाव मसुरात आहे. जेवताना दाजी सहज बोलल्यासारखं म्हणाले,

"उद्या शाळंच्या मैदानावर गावचे खेळ हाईत. संथ सायकलला तुझं नाव दिलंय."

अण्णाचा घास हातातच राहिला. "कुणाला इचारून?"

"इचारायचं काय त्यात? शेवटी येईल त्यो जिकला. हळू तर जायचं. म्हातारी माणसं बी घेतात की भाग."

हा माझा आणि आक्काचा कट होता. पत्रातून शिजवलेला. मी पुढं सरसावले. "अण्णा, पडलास तरी पाय टेकला की झालं. भ्यायचं काय न्हाय त्यात. सगळा खेळ मन शांत ठेवायचा हाय."

"मला खेळ शिकवायलीस व्हय?" तो म्हणाला. पण नाही म्हणाला नाही.

संथ सायकल ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: मैदानावर फक्कीच्या रेषा मारून प्रत्येकाला एक अरुंद पट्टा देतात. पट्ट्याबाहेर जायचं नाही, पाय टेकायचा नाही, थांबायचं नाही. जो सगळ्यांत उशिरा पलीकडं पोचेल तो पहिला. हे सगळीकडंच असतं. त्या दिवशी मच्छेत मात्र एक जादा गंमत होती. बघणाऱ्यांनी गप्प बसायचं नाही. त्यांनी दोन्ही बाजूंनी ओरडून सायकलवाल्याला फसवायचं, घाई करायला लावायचं. आक्कानं सकाळी चुलीपुढं अण्णाला बजावून सांगितलं होतं, "लोक कायबी वरडतील, तू ऐकू नगंस. मागं तर अजाबात बघायचं न्हाय."

बक्षीस टर्किश टॉवेल आणि नारळ. माईकवर गावातला एक हौशी तरुण होता. क्रिकेटची रेडिओ कॉमेंट्री ऐकून ऐकून त्याचं डोकं तसंच चालायचं. मराठी, हिंदी आणि कन्नडची मिसळ करून तो सांगत होता, "मौसम सुहाना है, मैदान खचाखच भरलंय, आणि हे निपाणीचे पाव्हणे, जोरदार सायकलपटू, आज स्लो खेळणार! नोडरी, नोडरी, बघा, बघा!"

दाजींची सायकल म्हणजे काळी, जड, कॅरिअरवाली. अण्णानं आधी तिच्या टायरवर अंगठा दाबला, सीट ढिली करून वर घेतली. मी जवळ जाऊन म्हटलं, "श्वास बघ." त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी मुकाट्यानं मागं सरले.

शिट्टी झाली. सहा-सात सायकली गोगलगाईसारख्या निघाल्या. दोघं तर लगेच बाद झाले. अण्णा चालला होता. हँडल इकडं, हँडल तिकडं, दात आवळलेले, मानेवर घामाचे ओघळ. शेजारच्या पट्ट्यात गावचा शिंपी होता, पोट सुटलेला, दुपारी खाटेवर पडल्यासारखा निवांत. अण्णा त्याच्याही मागं होता! निम्मं मैदान झालं. मी आक्काचा हात दाबून धरला होता. जिंकतोय आपला माणूस, हळूहळू, शांतपणे, मी म्हटलं होतं तस्सं.

आणि गर्दीतून कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडलं, "आला! मागनं आला रं! हाण!"

लगेच सगळ्यांनी ते उचललं. "आला, आला! हाण!"

अण्णा सीटवरून उठला. मला ते आजही दिसतं. खांदे खाली गेले, मान हँडलवर आली, आणि ती जड काळी सायकल अशी सुटली की फक्की उडाली. शिंप्याला मागं टाकलं, सगळ्यांना मागं टाकलं, रेषा ओलांडली, आणि तो थांबलाच नाही. पोरं बाजूला पळाली, अण्णा शाळेच्या फाटकातून खानापूरच्या रस्त्याला लागला आणि दिसेनासा झाला.

मैदान हसून हसून लोळत होतं. माईकवाला ओरडत होता, "पाव्हणे पहिले आले, म्हणून पाव्हणे हरले! बॉल मैदानाच्या बाहेर!" आक्का कपाळावर हात मारून म्हणाली, "सकाळधरनं सांगालते, समदं पाण्यात!" आणि मी रडत होते. हसणाऱ्यांच्या मधोमध उभी राहून, तोंडावर पदर घेऊन, चांगली हुंदके देऊन रडत होते. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

शिंप्याला टॉवेल मिळाला, नारळही फुटला, तेव्हा कुठं अण्णा परत आला. शर्ट अंगाला चिकटलेला, बेलबॉटमचा एक पाय चेनमध्ये अडकून फाटलेला. सायकल दाजींच्या हातात देऊन त्यानं विचारलं, "खरंच कोण आलतं का मागनं?"

"कोण न्हाय गा, शिंपी हुता!" दाजी म्हणाले.

मग अण्णा हसायला लागला. आमच्या घरात ते हसू ऐकू येऊन वर्ष होऊन गेलं होतं.

संध्याकाळी आम्ही दोघं कट्ट्यावर बसून कुंद्याचा उरलेला चुरा खात होतो. मी मोठ्या शहाणपणानं म्हटलं, "बघ, हळूहळू गेलास म्हणून भीती गेली."

"कुठली गेली?" अण्णा म्हणाला. "हळू जाताना लई भ्यालतो. परत्येक झोक्याला वाटायचं, मोडला पाय. मग त्यो कोण वरडला, आणि भ्यायला येळच घावला न्हाय बग."

माझा सगळा बेत चुकीचा होता आणि काम मात्र झालं होतं. जे औषध मला लागू पडलं तेच मी त्याला पाजायला निघाले होते. हे माझ्या लक्षात आलं, आणि शिक्षिका असून कुणाजवळ बोलले मात्र नाही.

रविवारी परत निघालो. येताना बसायला जागा मिळाली, अण्णा संकेश्वरपर्यंत झोपला. निपाणीच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाला, "तू हो म्होरं," आणि समोरच्या दुकानातून भाड्याची सायकल काढली. मी घरी पोचले तर तो आलेला नव्हता. आप्पा दारात आले. "कुठं हाय त्यो?"

"सायकलवर हाय."

आप्पांनी मला पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा तेच सांगितलं. मग ते पायरीवर बसले. आई भाकरी टाकायची थांबली. बराच वेळ झाला. दुसऱ्यांना श्वास बघायला शिकवणारी मी, दर मिनिटाला कोपऱ्यापर्यंत जाऊन येत होते. शेवटी अण्णा आला तो भलत्याच बाजूनं, सगळ्या निपाणीला वळसा घालून. सायकल भिंतीला लावली, तोंडावर पाणी मारलं आणि आप्पांकडं न बघताच म्हणाला, "उद्या हजर हुतो."

आप्पा उठले, आत गेले, आणि आत त्यांनी नाक शिंकरलेलं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

अण्णानं ती नोकरी निवृत्तीपर्यंत केली. भीती पुरती गेली असं म्हणणार नाही. पावसाळ्यात निसरड्या रस्त्यावर तो सायकल हातात धरून चालायचा. एरवी इतका भरधाव जायचा, की टपालवाला दोन शब्द बोलायलाही थांबत नाही अशी खेड्यांतून तक्रार असे.

सावकाश जगण्याबद्दल मी या ब्लॉगवर पुष्कळ लिहिते, आणि ते सगळं मला मनापासून पटतं. रोज सकाळी बसते, श्वास बघते, मला त्यानं बरं वाटतं. फक्त आता दुसऱ्याला बसवायला जात नाही. अण्णानं सत्तरी ओलांडली. मी सकाळचं बसणं आटोपून त्याला फोन करते, बराच वेळ रिंग जाते, आणि मग वाऱ्याच्या आवाजातून, धापा टाकत तो ओरडतो, "मागनं कर गं, चढ लागलाय!"