पाण्याखालचा बांध

"पुन्यांदा जगाय मिळालं तर तितंच जगंन," असं दत्तोबा पस्तीस वर्षं म्हणत आला होता. तितं म्हणजे आंदर मावळातल्या आपल्या गावात. ते गाव धरणाच्या पाण्याखाली होतं, त्यामुळं असं म्हणण्यात काही जोखीम नव्हती. लोणावळ्यात एका बंगल्यावर त्यानं माळीकाम केलं, जवळच औंढ्यात दोन खोल्या बांधल्या, दोन पोरींची लग्नं लावली आणि बहात्तरी गाठली. मालकाच्या हिरवळीवर पाणी मारतानाही त्याला आपलं भातखाचर दिसायचं.

यंदा दिवाळीनंतर धरणाच्या दरवाजाचं काम निघालं आणि पाणी कधी नव्हे इतकं खाली सोडलं. भाच्याचा, कैलासचा फोन आला.

"मामा, भैरोबाचा चौथरा दिसाय लागलाय."

पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात एका हंगामापुरतं पेरायला मिळतं. त्याला गाळपेर म्हणतात आणि पहिला हक्क ज्यांची जमीन बुडाली त्यांचा. दत्तोबानं अर्ज भरला.

"बहात्तराव्या वर्षी औत धरणार व्हय?" शालूबाईनं विचारलं.

"औत कशाला? गाळात हरभरा नुसता टाकायचा."

"आन् कंबर मोडली तर घरी कोन आननार तुमास्नी?"

तरी ती बरोबर आली. भेगाळलेल्या गाळावरून दोघं गावात शिरली. घरांच्या जोत्यांचे दगड तेवढे उरले होते. दत्तोबा हात करून सांगत चालला, ही चावडी, हे खळं, हितं पोळ्याला बैल उभं करायचो. एका जोत्यावर चढून तो म्हणाला, "आन् हे आपलं घर."

"उतरा खाली. न्हाव्याचं हाय ते," शालूबाई म्हणाली. "आपलं पल्याड. जमिनीत उखळ पुरलं व्हतं मी."

आणि उखळ होतं. गाळानं काठोकाठ भरलेलं. तिनं बोटांनी गाळ उकरून काढला आणि बराच वेळ तिथंच बसून राहिली.

दत्तोबाचं लक्ष मात्र खाचराकडं होतं. आयुष्यातली एक गोष्ट पुन्हा करायची संधी त्याला मिळाली होती आणि पावसाळ्यात पाणी चढायच्या आत ती उरकायची होती.

त्याच्या खाचराला लागून चुलतभावाचं, निवृत्तीचं खाचर. मध्ये एक बांध. दर ज्येष्ठात दत्तोबा आपल्या बाजूनं बांध छाटायचा आणि निघालेली माती पलीकडच्या अंगाला थापायचा. वर्षाला चार बोटं. बांध तेवढाच जाड दिसतो, फक्त जागचा हलतो. बांध कोरणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही, ज्याचं शेत खाल्लं जातं तो सोडून. अकरा वर्षांत बांध पावणेदोन हात सरकला. निवृत्तीनं पंच बसवले. दत्तोबानं भैरोबाच्या देवळात बेल आणि भंडारा हातात घेऊन शपथ वाहिली की बांधाला मी हात लावलेला नाही. गावानं ती मानली. निवृत्ती खोटा ठरला आणि त्या दिवसापासून दत्तोबाशी बोलायचा थांबला. दोन वर्षांनी दोन्ही खाचरांवर पाणी आलं. निवृत्ती टाकव्याच्या बाजूला राहायला गेला.

चार दिवस दत्तोबा रोज पहिल्या गाडीनं येऊन फावडं मारत होता.

"हंगामापुरती जमीन," शालूबाई म्हणाली, "तिला बांध कशाला?"

"असू दे."

पाचव्या दिवशी निवृत्ती बियाण्याचं पोतं घेऊन आला. त्यालाही त्याचंच जुनं खाचर मिळालं होतं. केस पार पांढरे झालेले, चाल तीच. तो बांधावर येऊन उभा राहिला. दत्तोबानं फावडं खाली ठेवलं.

"निवरती, बांध जाग्यावर आनलाय. पावनेदोन हात."

निवृत्तीनं नजरेनं अंतर घेतलं. "दोन व्हतं."

"पावनेदोन. मी सरकावलाय, मला ठावं न्हाई व्हय?"

"मंजी सरकावला व्हतास."

"व्हय."

निवृत्ती खाली बसला. त्यानं तंबाखू मळली, पण पुढं केली नाही.

"माती सरकावलीस दादा, ब्येस केलंस. बेलभंडाऱ्याचं काय? त्या पंचातला आता एकबी न्हाई. कुनाम्होरं सांगनार?"

दत्तोबानं चौथऱ्याकडं पाहिलं. "देवाम्होरं सांगतो."

"देव नव्या देवळात ऱ्हातो आता. आन् त्याला ठावंच व्हतं." निवृत्तीनं तंबाखू तोंडात टाकली. "वयनीला सांगितलंस?"

दत्तोबानं फावडं पुन्हा उचललं.

"आधी तिला सांग. माझ्या दारात भांडाय ती आलती, तू न्हवतास आला."

खरं होतं ते. निवृत्तीची बायको सरुबाई आणि शालूबाई एका माहेरच्या. भाताच्या आवणीला दोघी एका ओळीत वाकायच्या आणि एकीनं गाणं धरलं की दुसरी ते उचलायची. शपथेच्या दुसऱ्या दिवशी शालूबाई सरुबाईच्या दारात उभी राहून ओरडली होती, "तुझा नवरा देवालाबी मानत न्हाई." त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. चार वर्षांपूर्वी सरुबाई गेली, तर शालूबाई दहाव्यालाही गेली नव्हती.

शालूबाई आपल्या जोत्यावर उखळापाशी बसली होती. दत्तोबा तिकडं गेला आणि उभ्याउभ्याच त्यानं सगळं सांगितलं. फार वेळ लागला नाही.

शालूबाईनं एकच विचारलं, "सरूला ठावं व्हतं?"

"निवरतीला ठावं, मंजी तिलाबी."

"मंजी फकस्त मलाच न्हवतं."

ती उठली, लुगडं झटकलं आणि खाचराकडं तोंड करून हाक मारली, "भावजी, जेवाय या."

निवृत्ती घुटमळला, मग आला. तिनं त्याच्यापुढं भाकरी आणि कुटलेली चटणी ठेवली. तो दोन घास खाईपर्यंत ती थांबली.

"सरू शेवटाला कायी बोलली का?"

"बोलली." निवृत्तीनं घास हातातच धरला. "म्हनली, शालीला कळवू नगा. ती यायची न्हाई, आन् मग तिलाच लय लागंल."

शालूबाई मान खाली घालून पुढची भाकरी मोडत राहिली. दत्तोबा तीन पावलांवर उभा होता. त्याला कुणी बस म्हणालं नाही.

गाळ सुकायच्या आत बी ओलीवर पडायला हवं होतं. दत्तोबा बांध ओलांडून गेला, निवृत्तीच्या पोत्यातला हरभरा त्यानं धोतराच्या ओच्यात घेतला आणि निवृत्तीच्या खाचरात पेरायला सुरुवात केली.